खरखरीचा माग

उतारावर गाडी वेगात आणायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा, इग्निशन बंद करायचं आणि रेडिओ तसाच चालू ठेवून कान द्यायचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची ही नेहमीची परीक्षा होती. इंजिन बंद होताक्षणी खरखर थांबली, तर दोष प्लगच्या ठिणगीचा किंवा डायनॅमोचा. गाडी नुसती घरंगळत असतानाही कडकड चालूच राहिली, तर संशय चाकांवर. मग ब्रेकवर पाय अलगद टेकवायचा, वेग फारसा कमी होणार नाही इतकाच. तेवढ्याने रेडिओ साफ झाला, की पुढची चाकं पकडली गेली.

ब्रेकने रेडिओ कसा सुधारतो? कोरड्या रस्त्यावर धावताना रबरी टायरमुळे चाकावर स्थिर विद्युतभार साठतो. पुढची चाकं बेअरिंगवर फिरतात आणि बेअरिंगमधलं ग्रीस विजेला अडवतं. भार साठत जातो, मग ग्रीसचा पातळ थर भेदून एक बारीक ठिणगी आसावर उडी मारते. पुन्हा भार साठतो, पुन्हा उडी. ब्रेक टेकला की चाक आणि बाकीची गाडी यांच्यात भाराला सरळ वाट मिळते आणि ठिणग्या थांबतात. यावर उपाय म्हणून चाकाच्या टोपीत बसवायची एक छोटी स्प्रिंग मिळायची, तिचं टोक आसाच्या टोकाला सतत टेकलेलं राही. टायरच्या ट्यूबमध्ये भरायची वीजवाहक भुकटीसुद्धा विकली जाई.

दुरुस्तीला यायचा रेडिओ, पण तपासावी लागायची सगळी गाडी. तेव्हापासून आजवर गाडीतली संगीताची साधनं पार बदलली, तपासाची ही रीत मात्र तशीच राहिली. रेडिओ कानावर पडेल ते ऐकवतो, आणि त्याच्या सर्वात जवळ असते ती गाडीच. गाडीत नवं यंत्र आलं की स्पीकरमध्ये नवा आवाज आला, आणि त्या आवाजाचा माग काढणाऱ्या माणसांना गाडीची नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

पहिली आणि सर्वात चिवट अडचण होती ती ठिणगीची. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७च्या सुमारास कार्ल्सरुहे इथल्या प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी निर्माण करून दाखवल्या, त्या ठिणगीतूनच. मार्कोनीची सुरुवातीची बिनतारी यंत्रंही ठिणगीवर चालत. पेट्रोल इंजिनात वेगळं काही होत नाही. कॉइल बॅटरीच्या सहा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, प्लगच्या फटीत ठिणगी पडते आणि प्लगची वायर एरियलसारखी लहरी फेकते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. दूरच्या रेडिओ केंद्राकडून येणारा क्षीण संदेश पकडायला जो संच बसवायचा, तो हातभर अंतरावरच्या या ठिणगीयंत्रापाशी बसवायचा होता.

त्यात तेव्हाचं प्रक्षेपण एएम पद्धतीचं. त्यात आवाजाचे चढउतार लहरीच्या उंचीत नोंदवलेले असतात. ठिणगीही लहरीच्या उंचीतच धक्का देते. गाणं कुठलं आणि ठिणगी कुठली, हे संचाला ओळखताच येत नाही.

१९२०च्या दशकात हौशी लोकांनी गाडीत रेडिओ बसवून पाहिले. दशकाच्या अखेरीस ‘ट्रान्झिटोन’सारखे खास गाडीसाठी बनवलेले संचही बाजारात आले, पण ते महाग आणि बोजड होते. ही वस्तू सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचं श्रेय बऱ्याच अंशी शिकागोच्या पॉल गॅल्विनकडे जातं. पॉल आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी सप्टेंबर १९२८मध्ये गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन काढली ती ‘बॅटरी एलिमिनेटर’ बनवायला. बॅटरीवर चालणारे घरगुती रेडिओ घरच्या विजेवर चालवण्याचं ते साधन होतं. पण थेट विजेवर चालणारे संच आले आणि या साधनाची गरजच संपत चालली. वर १९२९ची मंदी. कंपनी तगायची तर नवी वस्तू हवी होती.

ती वस्तू म्हणजे ५टी७१ हा गाडीचा रेडिओ. तो बनवताना गॅल्विनच्या सोबत विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग होते. लिअरने पुढे जेट विमानं बनवली, वेव्हरिंग याच कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंत पोचला. संच गाडीत मावण्याजोगा लहान करणं हे एक काम होतंच. पण इंजिन चालू असताना त्यातून गाणं ऐकू यावं, हे खरं आव्हान होतं. प्लग, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, एकेकाची खरखर वेगळी काढून दाबत जावं लागलं. जून १९३०मध्ये गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत संच बसवून ॲटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेला. मेळाव्यात त्याचा स्टॉल नव्हता. त्याने गाडी बाहेर उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवलं. ऑर्डरी मिळाल्या. संचाची किंमत ११० ते १३० डॉलरच्या दरम्यान होती, आणि त्या वेळी फोर्डची मॉडेल ए गाडी साधारण साडेपाचशे डॉलरला मिळे. संचाला त्याने नाव दिलं ‘मोटोरोला’: मोटार, आणि त्या काळी व्हिक्ट्रोलासारख्या वाद्ययंत्रांच्या नावामागे लागणारा ‘ओला’. १९४७मध्ये कंपनीनेही हेच नाव घेतलं.

असा रेडिओ गाडीत बसवणं म्हणजे गाडी खोलणं. एरियलची जाळी टपाच्या आतल्या कापडामागे जाई, त्यासाठी कापड उसवावं लागे. संचाच्या व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टच्या बॅटऱ्या पायाखालची फळी कापून बसवत. त्यानंतर मुख्य काम सुरू होई. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कार्बनचा रोधक लागे, त्याला सप्रेसर म्हणत, आणि डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या वायरीवर आणखी एक. डायनॅमोवर कंडेन्सर चढे. बॉनेट इंजिनाच्या मागच्या पत्र्याला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडत, नाहीतर बॉनेट स्वतःच एरियल होऊन इंजिनातली खरखर बाहेर फेकी. रोधकांमुळे इंजिनाची ताकद कमी होते, अशी काही चालकांची तक्रार असे. पुढे रोधक प्लगच्या पोटातच घातला गेला आणि तांब्याच्या वायरीऐवजी कार्बन मुरवलेल्या धाग्याच्या वायरी आल्या. आजही बहुतेक पेट्रोल गाड्यांचे प्लग रोधकवाले असतात. ज्या गाडीत रेडिओच नाही तिच्याही प्लगमध्ये रेडिओच्या इतिहासाचा हा तुकडा बसलेला असतो.

पायाखालच्या बॅटऱ्या संपायच्या, महाग पडायच्या. त्यांच्या जागी व्हायब्रेटर आला. यात लोखंडाची एक पात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून गाडीच्या सहा व्होल्टच्या एकदिश विजेचे तुकडे पाडते. मग ट्रान्सफॉर्मर त्यातून दोनशेच्या आसपास व्होल्ट उभे करतो. सोय मोठी झाली, पण गुणगुणणारा एक भुंगा थेट रेडिओच्या पेटीत आला. त्याला पत्र्याच्या डबीत बंद करून, आतून स्पंज लावून गप्प करावं लागे. तरीही जुन्या गाड्या जपणाऱ्यांना तो आवाज अजून ओळखू येतो. रेडिओ चालू करताच आधी व्हायब्रेटर गुणगुणतो, व्हॉल्व्ह तापले की मग गाणं.

ठिणगीवरचा मुळापासूनचा उपाय एडविन आर्मस्ट्राँगच्या प्रयोगशाळेतून आला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफएम पद्धतीचं पेटंट मिळालं. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसतो, तिच्या वारंवारतेत असतो. म्हणून ग्राहक संच लहरीचे उंचवटे सरसकट छाटून टाकू शकतो. ठिणगीचा धक्का उंचीत असतो, तो त्या छाटणीत बराचसा निघून जातो. याचं महत्त्व सर्वात आधी पोलिसांना कळलं. पाठलाग करणाऱ्या गाडीत हुकूम नीट ऐकू आला नाही तर रेडिओचा उपयोगच नाही. १९४०मध्ये कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅनियल नोबल यांनी एफएमवर दुतर्फा बोलण्याची यंत्रणा उभारली. त्याच वर्षी नोबल गॅल्विनच्या कंपनीत आले.

दुसऱ्या महायुद्धाने खरखर दाबण्याची ही विद्या लाखो गाड्यांवर नेली. अमेरिकी सैन्याच्या जीपच्या बॉनेटवर रंगवलेल्या क्रमांकाच्या शेवटी काही वेळा ‘एस’ हे अक्षर दिसतं. त्या गाडीची रेडिओ-खरखर दाबलेली आहे, अशी ती खूण. अशा जीपमध्ये जागोजागी विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि दातेरी वॉशर असत. वॉशरचे दात रंग खरवडून पत्र्यात रुततात आणि जोड पक्का करतात. अर्थिंगसाठी रंग खरवडावा लागतो, ही आजच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या तोंडी असलेली ताकीद तेव्हा वॉशरच्या आकारातच घडवलेली होती.

जर्मनीत ठिणगी आणि रेडिओ एकाच घरात नांदायला आले. ब्लाउपुंक्टने १९३२मध्ये युरोपातला पहिला गाडीचा रेडिओ काढला, वजन जवळपास १५ किलो. पुढच्याच वर्षी ही कंपनी बॉशने घेतली, आणि बॉश तर मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगवर मोठी झालेली. खरखर करणारं आणि खरखर ऐकणारं, दोन्ही यंत्रं एकाच मालकाची झाली. ब्रिटनमध्ये प्रश्न नुसता गाडीत बसलेल्यांचा नव्हता, रस्त्याकडेच्या घरांचाही होता. तिथल्या टेलिव्हिजनच्या पद्धतीमुळे ठिणगीचा धक्का पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटे. दारावरून मोटार गेली की चित्रावर जणू बर्फ भुरभुरे. १९५२च्या नियमांनी तिथे नव्या गाड्यांच्या इग्निशनची खरखर दाबणं सक्तीचं केलं. शेजाऱ्याच्या घरातल्या चित्राला आपल्या गाडीचा त्रास होऊ नये, हे कायद्यात येण्याइतकं महत्त्वाचं मानलं गेलं, ही त्या काळातली फार सुंदर गोष्ट वाटते.

गाडीचा पत्रा स्वतःच केवढी खरखर अडवतो, हे १९५३च्या शेव्हरले कॉर्व्हेटने दाखवून दिलं. तिची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याचा आडोसाच नाही, त्यामुळे ठिणगीला मोकळं रान. रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर धातूची झाकणं घालावी लागली. पुढे ती क्रोमची चकचकीत झाकणं या गाडीच्या इंजिनाची शोभा ठरली.

१९५५मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ आणला. ट्रान्झिस्टरला गाडीचीच वीज पुरते. व्हायब्रेटर हळूहळू गेला, त्याबरोबर भुंगाही गेला. आता गाडी गप्प होणार असं वाटत असतानाच १९६०च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. दशकभरात तो सगळीकडे पसरला. मोटोरोलात अल्टरनेटरच्या विकासाचं काम पुढे नेणाऱ्यांत तोच एल्मर वेव्हरिंग होता, ज्याने तीस वर्षांपूर्वी पहिल्या रेडिओची खरखर मोडून काढायला हात लावला होता.

डायनॅमोची खरखर कम्युटेटरवरच्या कार्बनच्या ठिणग्यांची, म्हणून ओबडधोबड. अल्टरनेटर मात्र सुरात शिट्टी घालतो. त्यात तीन फेजची वीज सहा डायोड एकदिश करतात, पण ती सपाट होत नाही. तिच्यावर बारीक लाटा उरतात. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर एका फेऱ्यात अशा ३६ लाटा देतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना हा हिशेब सेकंदाला १,८०० लाटांवर जातो, आणि हा स्वर माणसाच्या कानाला चांगलाच टोचतो. ॲक्सिलरेटर दाबला की स्वर चढतो, सोडला की उतरतो. गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या ज्या तक्रारी आजही दुकानात येतात, त्यांत ही शिट्टी जुनी आणि ओळखीची.

टेप आला, मग कॅसेट. त्यांना आकाशातून काही पकडायचं नव्हतं, त्यामुळे ठिणगीचं भय ओसरलं. पण वेगळे ॲम्प्लिफायर डिकीत जाऊन बसले, आणि डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत गाण्याचा संदेश नेणारी लांबलचक आरसीए केबल आली. गाडीत विजेची परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. पत्रा चांगला वाहक असला तरी त्यालाही थोडा रोध असतोच. ५० अँपिअरचा प्रवाह एक मिलिओहम रोधातून गेला, तर दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. टेपचा ‘अर्थ’, म्हणजे अर्थिंगचा जोड, डॅशबोर्डपाशी, ॲम्प्लिफायरचा अर्थ डिकीत. दोन्ही अर्थ बरोबरीचे राहत नाहीत आणि तो फरक केबलच्या जाळीतून वाहू लागतो. ॲम्प्लिफायरला ते गाणंच वाटतं, तो निष्ठेने मोठं करून ऐकवतो. ‘ग्राउंड लूप’ म्हणतात तो हाच.

याचा तपास करताना चांगला कारागीर आधी वस्तू बदलत नाही. इंजिन बंद ठेवून सिस्टिम लावतो, मग इंजिन चालू करतो. शिट्टी इंजिनाबरोबर चढते का, ते ऐकतो. मग आवाजाची कळ शून्यावर नेतो. गाणं गेलं आणि शिट्टी तेवढीच राहिली, तर ती कळीच्या पुढे कुठेतरी शिरते आहे. कळीबरोबर तीही कमी झाली, तर मूळ मागे, संचाकडे. पुढची पायरी डिकीत. ॲम्प्लिफायर बंद करून आरसीए केबल काढायची, पुन्हा चालू करायचा. आता शांत झालं, तर ॲम्प्लिफायर बिचारा निर्दोष, दोष केबलमधून येतो आहे. मग अर्थची वायर आखूड करणं, तिच्याखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासणं, पॉवरची जाड केबल गाडीच्या एका अंगाने आणि आरसीए दुसऱ्या अंगाने नेणं, ही कामं. ॲम्प्लिफायरचा गेन गरजेपेक्षा चढवून ठेवला असेल तर तो आधी उतरवायचा, कारण बारीकशा खरखरीचा डोंगर तिथेच होतो. आयसोलेटर नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावून वाट तोडता येते, पण ते शेवटचं औषध. अर्थ खराब ठेवून आयसोलेटर लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

मुंबईकरांनी हा इतिहास प्रीमियर पद्मिनीत बसून ऐकला. फियाट ११००ची ही कुर्ल्यात बनणारी बहीण. पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर सगळं जुन्या घडणीचं, सुरुवातीच्या गाड्यांत डायनॅमोच. गाडीत मीडियम वेव्ह लावलं की आकाशवाणीच्या ‘अस्मिता’ वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झवर निवेदकाच्या आवाजाखाली इंजिनाची कडकड ऐकू यायची. पॉइंट घासले गेले किंवा प्लगची वायर कुठे फुटली, की ती वाढायची, आणि जाणत्या कानाला त्या आवाजावरूनच इंजिन ट्यूनिंगला आल्याचं कळायचं. टॅक्सीवाल्यांच्या ओळखीचा वायरमन असे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कंडेन्सर तो डायनॅमोवर बसवे आणि एरियलच्या बुडाशी गंज खरवडून अर्थ नीट करी.

पुढे मोबाइल फोन आले, आणि फोन वाजण्याच्या दोन-तीन सेकंद आधी स्पीकर ‘टिर्र टिर्र’ करू लागला. जीएसएम फोन आपला संदेश सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत पाठवतो. प्रत्येक तुकड्याचा धक्का स्पीकरच्या वायरी पकडतात, म्हणून तो आवाज. फोन डॅशबोर्डवरून उचलून खिशात ठेवला तरी फरक पडे. अनेक घरांतल्या मुलांनी ‘आता फोन येणार’ असं भाकीत करून वडीलधाऱ्यांना थक्क केलं, ते याच आवाजाच्या बळावर.

आज ही खरखर मोजण्याचं शास्त्र आहे. रेडिओला होणाऱ्या उपद्रवाचे नियम ठरवण्यासाठी १९३४मध्ये पॅरिसला सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती सुरू झाली. तिचं १२ क्रमांकाचं मानक गाडीबाहेरच्या संचांचं रक्षण करतं, २५ क्रमांकाचं गाडीच्या आतल्या संचांचं. भारतात हे काम करणारी एक संस्था पुण्यात आहे. १९६६मध्ये स्थापन झालेली एआरएआय वेताळ टेकडीच्या अंगावर आहे. टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर तिला एआरएआयची टेकडी म्हणूनही ओळखतात. गाड्यांमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींच्या मर्यादा ठरवणाऱ्या भारतीय मानकाचं नाव एआयएस-००४. अशा चाचण्यांच्या खोलीत भिंतींवर लहरी शोषणारे सुळके लावलेले असतात. मधोमध गाडी उभी करतात, समोर एरियल असतो, आणि गाडी बोलते काय ते तो टिपतो. उतारावर इंजिन बंद करून ऐकणाऱ्या कारागिराचं काम आता असं होतं.

विद्युत गाडीत ठिणगीच नाही, तरी एएम रेडिओ तिथेच सर्वाधिक अडचणीत आला. मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा जोडतो आणि तोडतो. त्याचे पडसाद नेमके मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात. काही उत्पादकांनी विद्युत गाड्यांतून एएम काढूनच टाकला. फोर्डने २०२३मध्ये तो पेट्रोलच्या नव्या गाड्यांतूनही काढायचं ठरवलं होतं, पण मे महिन्यात निर्णय मागे घेतला. त्याच सुमारास प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं गेलं. आपत्तीच्या काळात दूरवर पोचणारी सूचना या पट्ट्यावरूनच जाते, हे समर्थकांचं म्हणणं. खरखर दाबण्याचे मार्ग नाहीत असं नाही. केबलवर आवरण, फेराइटची कडी, फिल्टर, नीट केलेलं अर्थिंग, सगळं उपलब्ध आहे. त्याने खर्च आणि वजन वाढतं. गॅल्विनच्या काळात गिऱ्हाईक गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाइतके पैसे रेडिओवर खर्चायला तयार होतं, म्हणून प्लगवर रोधक चढले.

उताराची जुनी परीक्षा विद्युत गाडीत पुरी पडत नाही. बारा व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर गाडी जागेवर उभी असतानाही चालू असतो. मग दुकानात दुसरी परीक्षा होते. गिऱ्हाईक ‘एफएमला खरखर येते’ म्हणतं, तेव्हा कारागीर आधी डॅशकॅमची पिन काढतो, मग चार्जरची, मग नंतर बसवून घेतलेल्या एलईडी दिव्यांचा फ्यूज, आणि दर वेळी मान वाकडी करून स्पीकरकडे कान देतो.